केडगावच्या रमाबाई

स्नेहमेळाव्याच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा ग्रुपवर निरोप आला, तोपर्यंत शाळेच्या आठवणी लिहिणारे बरेच जण पुढे आलेले होते. त्यात आणखी एकीची भर नको, म्हणून मी आपल्याच भागात जवळजवळ पंचवीस वर्षं राहिलेल्या एका बाईंवर लिहायचं ठरवलं. पंडिता रमाबाई. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन-चार ओळी असायच्या. शारदा सदन, मुक्ती सदन, विधवांसाठी कार्य, एवढं पाठ केलं की जोड्या लावायच्या प्रश्नात एक गुण पक्का. त्या एका गुणामागे केवढं आयुष्य होतं, हे मला चाळिशीनंतर वाचायला लागल्यावर कळलं.

दौंडकडच्यांना केडगाव म्हणजे पुण्याच्या गाडीचं एक स्टेशन. शिरूरकडच्यांना न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्याकडे गेलं की पलीकडे लागणारं गाव. कुणाला बेटातले नारायण महाराज आणि दत्तमंदिर आठवतं, कुणाला हंगामातला गुऱ्हाळांचा वास. मिशन सगळ्यांना ठाऊक असतं, पण आत काय घडलं ते फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख. आपल्या वर्गात सगळ्या जातिधर्मांची मुलं होती आणि रमाबाईंच्या धर्मांतराबद्दल सगळ्यांचं मत एक नसणार, याची मला कल्पना आहे. पण त्यांच्या आयुष्यातून मला जो प्रश्न पडला, तो सगळ्यांचाच आहे. ज्यांच्याबद्दल घरानं, गावानं आणि कधीकधी त्यांनी स्वतःही आशा सोडलेली असते, अशी माणसं बदलतात का? आणि बदलतात तर कशानं?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवणं हा त्या काळात गुन्ह्यासारखा मानला जाई, पण त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवलं आणि पुढे लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. लहान वयातच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ होते. दानधर्मात आणि यात्रांत पैसा संपला आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळानं मद्रास इलाख्यात या कुटुंबाला गाठलं.

पुराण सांगण्यापलीकडे काही येत नाही, मजुरी करायची लाज वाटते आणि भीक मागवत नाही, अशा अवस्थेत हे घर उपाशी पडलं. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई गेली, नंतर मोठी बहीणही गेली. आईला खांदा द्यायला पुरेशी माणसं मिळाली नाहीत. रमाबाईंना स्वतः तिरडीला हात लावावा लागला आणि उंची कमी असल्यामुळे ती डोक्यावर घ्यावी लागली. त्यानंतर भाऊ श्रीनिवास आणि त्या दोघंच चालत राहिली. रानातली बोरं बियांसकट खाल्ली. थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा नदीकाठी खड्डे खणून कोरडी वाळू अंगावर ओढून रात्र काढली. पुढे केडगावात जे झालं, त्याची मुळं या उपासमारीत आहेत. भुकेनं माणसाचं काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

१८७८ मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. विशीतली ही मुलगी संस्कृतात बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. देशभर नाव झालं. पण १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीनं गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. माहेरचं कुणी उरलेलं नाही, सासरचं कुणी जवळ नाही आणि कडेवर दहा महिन्यांची पोर.

त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिलं आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना शिक्षिका आणि डॉक्टर म्हणून तयार करण्याची मागणी केली. स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटिजच्या सेंट मेरी मठातल्या सिस्टर्सकडे राहिल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला.

इंग्लंडमधली एक गोष्ट मला या चरित्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिस्टर्सनी त्यांना लंडनमध्ये फुलहॅम इथल्या आपल्या शाखेत पाठवलं. तिथं समाजानं वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालायचं. रमाबाईंनी ते घर पाहिलं. एकेकाळी स्वतः आसरा घ्यायला आलेल्या आणि आता आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या स्त्रिया त्यांना तिथं भेटल्या. लहानपणापासून ऐकलेल्या पुराणांत आणि शास्त्रांत अशा स्त्रियांना शिक्षाच सांगितलेली होती. इथं त्यांना कुणी हाकलत नव्हतं. तुम्ही हे का करता, असं विचारल्यावर सिस्टर्सनी त्यांना विहिरीवर पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईची बायबलमधली गोष्ट सांगितली. गावानं नाव ठेवलेली ती बाई, आणि तिच्याशी येशू नीट, माणसाशी बोलावं तसं बोलतो. रमाबाईंवर या सगळ्याचा खोल परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे पुण्यात खळबळ उडाली आणि तिकडे मठातल्या सिस्टर्सनाही ही शिष्या सोपी गेली नाही. चर्चची प्रत्येक शिकवण त्या तपासून घ्यायच्या, पटेल तेवढीच मानायच्या आणि पटलं नाही की लांबलचक पत्रं लिहून वाद घालायच्या. शाकाहार त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. वेशही देशीच राहिला, पांढरं सुती लुगडं. पुढे केडगावात त्यांनी उभं केलेलं चर्चही कोणत्याच एका पंथाचं नव्हतं.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. व्याख्यानं दिली, बालवाडीची नवी पद्धत शिकल्या. १८८७ मध्ये ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी उच्चवर्णीय विधवांची स्थिती जगासमोर ठेवली. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षं द्यायचं त्यानं कबूल केलं.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीवर शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीला आपले आचार पाळायचे तिनं पाळावेत, असं ठरलं होतं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, एक बालविधवा. त्या शिकल्या आणि १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. याच आपल्या बाया कर्वे. त्यांनी धर्म बदलला नाही. विधवा म्हणून कोपऱ्यात बसण्यासाठी ठरवलेली ही मुलगी पुढे कर्व्यांच्या आश्रमासाठी लोकांकडे वर्गणी मागत हिंडली.

याच १८९३ साली मात्र मोठा वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या तेव्हा दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. ‘केसरी’नं टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या पाठीराख्यांनीही सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पोरक्या मुलीला जी बाई आईच्या जागी असते, तिची श्रद्धा मुलीकडे जाणारच, तिथं कागदावरच्या तटस्थतेला फार अर्थ राहत नाही, हा टीकाकारांचा मुद्दा मला पोकळ वाटत नाही. पण आपली श्रद्धा दार लावून लपवायची आणि मुलींना मात्र निर्भय व्हायला शिकवायचं, हेही रमाबाईंना जमणारं नव्हतं. इतकी वर्षं झाली तरी हा वाद पुरता मिटलेला नाही आणि दोन पानांच्या लेखात तो मी मिटवायला जात नाही. मुलींची संख्या घटली तरी सदन बंद पडलं नाही, एवढं खरं.

पुढच्या घटना मात्र वादापेक्षा मोठ्या होत्या. १८९५ च्या सुमारास रमाबाई वृंदावनाला गेल्या, तेही साध्या यात्रेकरणीच्या वेशात. तीर्थाच्या नावाखाली तिथं आणून सोडलेल्या विधवांचं काय होतं, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. दिसलं ते भीषण होतं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या आणि रमाबाईंना आपली वीस वर्षांपूर्वीची उपासमार आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत छावण्यांत फिरल्या. उपाशी तरुण मुलींभोवती दलाल कसे घुटमळतात ते त्यांनी पाहिलं. तीनेकशे मुली आणि बायका त्यांनी बरोबर आणल्या. शारदा सदनचा खर्च तेव्हाही अमेरिकेतल्या वर्गणीवर चालत होता. या तीनशे जणींसाठी कुणी कसलंही वचन दिलेलं नव्हतं.

त्यात पुण्यात प्लेगची साथ. एवढा मोठा नवा जमाव शहरात ठेवायला सरकार तयार नव्हतं. सुदैवानं रमाबाईंनी आधीच केडगाव स्टेशनजवळ शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवलेली होती. अमेरिकेतल्या वर्गणीची दहा वर्षं संपली की फळबागेवर सदन चालावं, हा त्यामागचा हिशेब. तेव्हाचं केडगाव डोळ्यांसमोर आणताना आजचा ऊस विसरायला हवा. माळरान, बाभळी आणि उन्हाळ्यात पाण्याचे हाल. तिथं आधी तंबू आणि गवताची छपरं उभी राहिली, मग विहिरी खणल्या गेल्या, मग पक्क्या इमारती. या वसाहतीचं नाव मुक्ती. सप्टेंबर १८९९ मध्ये चर्चची पायाभरणी झाली. त्या चर्चमध्ये बायका आपल्या पद्धतीप्रमाणे खाली जमिनीवर बसायच्या.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. आलेल्या मुली कशा होत्या? पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखं कुणी हात जोडून, डोळ्यांत कृतज्ञता घेऊन येत नाही. हाडांचे सापळे, अंगावर फोड, डोक्यात उवा. बरोबर भुकेनं लावलेल्या सवयी: चोरायचं, खोटं बोलायचं, भांडायचं, कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. रमाबाईंनी हे कुणापासून लपवलं नाही. काहीजणी वाचल्याच नाहीत, इतक्या उशिरा त्या आल्या होत्या. काही पळून गेल्या. जवळ घेतलं की माणूस आपोआप सुधारतो, असा भाबडेपणा त्यांच्याजवळ नव्हता.

त्यांनी केलं काय? पहिली गोष्ट, आलेलीचा मागचा हिशेब मागितला नाही. आंघोळ, कपडे, जेवण, झोपायला जागा हे आधी. दुसरी गोष्ट, शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुलींना त्यांनी या कामात घेतलं. नव्या मुलींचे गट केले आणि प्रत्येक गट जुन्या मुलीच्या हवाली केला. तिनं त्यांना अक्षरं शिकवायची, आजारात जवळ बसायचं, भांडणं सोडवायची. हा बदल किती मोठा आहे ते पाहा. काही वर्षांपूर्वी जिला घरच्यांनी अपशकुनी म्हटलं होतं, ती आता वीस पोरींची आई झाली. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पाच जणांचा गट पन्नासांचा झाला की सगळी घडी विस्कटते, हे आम्ही रोज पाहतो. त्यावर एकच उपाय चालतो: कालच्या नव्यानं आजच्या नव्याला हाताशी धरायचं. रमाबाईंनी हे माळरानावर, दुष्काळात आणि याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर केलं. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी तिकडूनही हजारावर मुली-बायका आणवल्या. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. त्याच वर्षी आपल्याकडेही पाऊस नव्हता, पण खणलेल्या विहिरींनी साथ दिली.

तिसरी गोष्ट काम. प्रत्येकीला शाळा आणि प्रत्येकीला हातात एक धंदा. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई, टोपल्या, दोरखंड आणि छापखाना. कोरान्न खाऊन माणूस जगतो, पण मान वर करून बसत नाही, हे स्वतः दुष्काळात उपाशी राहिलेल्या बाईला पक्कं माहीत होतं. आपल्या शिरूरलाही अमेरिकन मराठी मिशननं त्या काळात उद्योगशाळा चालवली होती. भीमेच्या दोन्ही बाजूंना हीच समज होती, की प्रार्थना हवी आणि हाताला कामही हवं.

मुक्तीत वेगवेगळ्या माणसांसाठी वेगवेगळी घरं झाली. म्हाताऱ्या आणि अपंगांसाठी प्रीती सदन. अंध बायकांसाठी बार्तीमी सदन, बायबलमधल्या बार्तीमय या अंध भिकाऱ्याच्या नावावरून. मनोरमाबाई ब्रेल शिकल्या होत्या, त्यांनी अंध मुलींना वाचायला शिकवलं आणि मग त्या मुलींनी इतरांना. मुलग्यांसाठी सदानंद सदन. आणि कृपा सदन. हे नाव मुद्दाम शेवटी घेते, कारण फुलहॅमचं ऋण त्यांनी इथं फेडलं. फसवलेल्या, विकलेल्या, वाईट वाटेला लागलेल्या स्त्रिया तिथं यायच्या. समाजसुधारणेची भाषा बोलणाऱ्या कित्येकांच्या यादीत त्या काळी बालविधवा असायची, पण ही बाई नसायची. बालविधवा निष्पाप होती, तिची कणव येणं सोपं होतं. कृपा सदनातल्या बाईची कणव येण्यासाठी आधी आपण स्वतःला तिच्यापेक्षा वेगळं समजणं सोडावं लागतं.

रमाबाईंच्या मते ही ताकद कुठून येत होती, ते सांगितल्याशिवाय हे चरित्र खरं होणार नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलं की आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीनं स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटलेला नाही. तेव्हापासून प्रार्थना हा त्यांच्या कामाचा कणा झाला. एवढ्या माणसांचं धान्य कुठून येणार, या प्रश्नावर त्यांचं उत्तर प्रार्थना असंच असे, आणि त्या उठून विहीर खणायलाही लावत. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत प्रार्थनेची जी लाट आली, तिच्याविषयी जगभरच्या ख्रिस्ती मंडळींत लिहिलं गेलं आहे. मुली रडून प्रार्थना करू लागल्या, चोरलेल्या वस्तू परत आणून देऊ लागल्या, ज्यांच्याशी भांडल्या होत्या त्यांची माफी मागू लागल्या. कुणी त्याला पवित्र आत्म्याचं काम म्हणेल, कुणी मनाचा साचलेला बांध फुटला म्हणेल. मला त्यातली चोरीची वस्तू परत येणं मोलाचं वाटतं. जिचं सगळं हिरावलं गेलं आहे, तिनं हातातली वस्तू परत देणं म्हणजे उद्या आपल्याला मिळेल असा तिला विश्वास वाटू लागला आहे.

आयुष्याची शेवटची सतराअठरा वर्षं रमाबाईंनी एका प्रचंड कामाला दिली. संपूर्ण बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर. कमी शिकलेल्या खेडेगावातल्या बायकांना एकट्यानं वाचता यावं, इतकं सोपं त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या पन्नाशीच्या आसपास हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवणं, छापणं, बांधणी हे सगळं मुक्तीतल्या बायकांनीच केलं. विचार करा, दुष्काळात रस्त्यावर सापडलेली, अक्षराशी गाठ नसलेली मुलगी काही वर्षांत छापखान्यात उभी राहून ग्रंथाचा मजकूर जुळवते आहे. माणूस बदलतो म्हणजे काय, याचं याहून साधं उदाहरण मला सुचत नाही.

१९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. मान मिळाला, पण घरचं दुःख पुढे उभं होतं. मनोरमाबाई परदेशी शिकून १८९८ मध्ये परतल्यापासून आईच्या उजव्या हात होत्या आणि पुढे सगळा कारभार त्याच पाहणार, असं धरून चाललेलं होतं. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. वय चाळीस. रमाबाईंनी एकामागून एक आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावला होता. आता एकुलती एक मुलगी. तरी भाषांतराची मुद्रितं तपासणं त्यांनी थांबवलं नाही. ते काम हातावेगळं झाल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावातच त्या गेल्या. छापून पूर्ण झालेलं बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांच्या नावानं टपाल तिकीट काढलं. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

रमाबाईंच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. आपल्या जुन्या धर्माबद्दल त्या कधीकधी फार कठोर लिहितात आणि ज्या परंपरेनं त्यांना संस्कृत दिलं तिच्यातलं चांगलंही त्या पुढे फारसं मोजत नाहीत, असं वाचताना वाटतं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे आहे. माणूस उपदेशानं बदललेला केडगावात मला दिसला नाही. आधी कुणीतरी त्याला आहे तसं घरात घेतलं. मग त्याच्या हातात काम दिलं. आणि मग आणखी एक माणूस त्याच्या भरवशावर सोपवला. हा तिसरा टप्पा आपण बहुतेकदा विसरतो. मदत करणारे आपण आणि मदत घेणारे ते, अशी वाटणी कायम ठेवतो. रमाबाईंनी ती वाटणी मोडली. त्या स्वतःही कधीकाळी वाळूच्या खड्ड्यात झोपलेल्या होत्या, हे त्या विसरल्या नाहीत.

मेळाव्याची यादी तयार झाली तेव्हा काही नावांपुढे फोन नंबर नव्हता. काहींचा आहे, पण ते येणार नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. कुणाला दारूनं गाठलं, कुणाचं दुकान कर्जात बुडालं, कुणाचा संसार मोडला, कुणी तुरुंगात जाऊन आलं. चांगलं चाललेल्यांसमोर उभं राहायचं त्यांच्या जिवावर येतं. त्यांना नुसतं निमंत्रण पाठवून भागणार नाही. त्यांच्या घरी जाऊन यावं, मागचं काही विचारू नये आणि येताना एखादं काम देऊन यावं. कुणाला मंडपाचं, कुणाला जेवणावळीचं, कुणाला सर आणि बाईंना घरून आणायचं. वर्गातल्या मॉनिटरला डस्टर सांभाळायला द्यायचे तसं, पूर्ण भरवशानं. मेळावा झाल्यावरही ते काम त्यांच्याकडेच राहू द्यावं.